मॉरिशसच्या राष्ट्राध्यक्षांनी न केलेली सही

आमच्या खानदानाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा ते थेट दमामपर्यंत पसरलेली सत्तर-ऐंशी माणसं त्यात आहेत. मध्यंतरी एका जुम्म्याला माझ्या धाकट्या मावसभावाने त्यात एक यादी टाकली. हिरवी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, वर मथळा 'हमारी शान'. बिगरमुस्लिम बहुसंख्य देशांत सर्वोच्च पदावर पोहोचलेले मुसलमान. झाकिर हुसैन, फखरुद्दीन अली अहमद, अब्दुल कलाम, सिंगापूरच्या हलीमा याकूब, मॉरिशसच्या अमीना गुरीब-फकीम आणि त्यांच्याच देशाचे कासम उतीम. मध्येच कुणीतरी आपले बॅरिस्टर अंतुलेही घुसडले होते. मुख्यमंत्री असले म्हणून काय झालं, आपलेच ना! खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागली.

मी एवढंच विचारलं, "यातल्या कुणी त्या खुर्चीवर बसून काय केलं, हे माहीत आहे का कुणाला?"

मावसभावाचं उत्तर आलं, "भाईजान, तुमकू हर चीज में खोट दिखता."

त्याचं म्हणणं खोटं नाही. सॉफ्टवेअरमध्ये तेरा वर्षं काढलीत, खोट शोधण्याचाच पगार घेतो. पण त्या यादीत खोट नव्हती, यादी बरोबर होती. माझं भांडण आहे ती कशासाठी केली जाते याच्याशी. कासम उतीम यांचं नाव तिथे ज्या कारणासाठी होतं, ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं कारण आहे. आणि ज्या कारणासाठी ते नाव आपल्या प्रत्येक तरुणाला पाठ असायला हवं, ते ग्रुपमधल्या एकालाही माहीत नव्हतं. मलाही चार-पाच वर्षांपूर्वी नव्हतं.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमूनचं पॅकेज आठवतं. प्रत्यक्षात तो उसाचा देश. क्षेत्रफळ सांगली जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी, आणि त्यातही जिकडे बघाल तिकडे ऊसच. १८३४ पासून इंग्रजांनी हा ऊस लावायला आणि तोडायला हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, काही मद्रासकडचे आणि काही मुंबई बंदरातून चढलेले आपले मराठी लोक. पोर्ट लुई बंदरातला ज्या पायऱ्यांवर ते उतरले तो आप्रवासी घाट आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या मराठी मजुरांचे पणतू आजही तिथे गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकतात. याच जहाजांतून मुसलमान मजूरही गेले आणि नंतर गुजरातेतले मुसलमान व्यापारी. आज तिथे शंभरात साधारण सतरा मुसलमान आहेत. आपल्यापेक्षा टक्का जास्त, पण अल्पसंख्याकच.

उतीम यांचा जन्म २२ मार्च १९४१ चा, पोर्ट लुईमधल्या प्लेन व्हर्त वस्तीतला. ही मुसलमानांची जुनी वस्ती. आपल्याकडे प्रत्येक शहरात एक असतेच, जिचं नाव सांगितलं की भाड्याने घर देणाऱ्याचा चेहरा बदलतो. त्यांनी समाजकार्याची पदविका घेतली, पॅरिसला जाऊन मानसशास्त्र शिकले आणि परत येऊन वस्तीतूनच राजकारण सुरू केलं. १९६९ मध्ये नगरसेवक. १९७६ मध्ये एमएमएम या डाव्या पक्षातर्फे संसदेत. त्या पक्षाची भूमिकाच अशी होती की जात-धर्म-वंश यांवर मतं मागायची नाहीत. ती त्यांनी किती पाळली हा वेगळा विषय. १९८२ मध्ये मंत्री, १९८६ मध्ये पोर्ट लुईचे महापौर, १९९० मध्ये पुन्हा मंत्री. १२ मार्च १९९२ ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं. जुने गव्हर्नर जनरल काही आठवडे राष्ट्राध्यक्ष राहिले आणि ३० जून १९९२ ला त्या जागी उतीम आले. १९९७ मध्ये सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं, तरी त्यांनाच पुन्हा निवडलं गेलं.

इथपर्यंत ही यादीतली गोष्ट आहे. माशाअल्लाह.

मॉरिशसचा राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखाच. राज्य पंतप्रधान करतो, हा सही करतो. संसदेने केलेलं विधेयक तो एकदा परत पाठवू शकतो. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं तर सही करावीच लागते. आपल्या घटनेतही कलम १११ मध्ये हेच आहे. थोडक्यात, पद शोभेचं. अशा पदावर अल्पसंख्याक माणूस बसवणं कोणत्याही सरकारला परवडतं, जगाला दाखवायला चेहरा मिळतो. याचा अर्थ त्या माणसाला कळत नसतो असं नाही. प्रश्न असतो तो कळल्यावर काय करतो हा.

फेब्रुवारी १९९९. काया नावाचा एक लोकप्रिय गायक मॉरिशसमध्ये होता. क्रिओल समाजाचा, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातला, देशातल्या सगळ्यात गरीब थरातला. एका सभेत गांजा ओढला म्हणून त्याला पकडलं आणि २१ फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मेलेला सापडला. देश पेटला. क्रिओल वस्त्यांतून सुरू झालेली दंगल बघता बघता क्रिओल विरुद्ध हिंदू अशा वळणावर गेली. राष्ट्राध्यक्ष उतीम बंगल्यात बसून निवेदनं काढत राहिले नाहीत. कॅथलिक कार्डिनल जां मार्जेओ यांना बरोबर घेऊन ते देशभर फिरले, लोकांना शांत राहायला सांगत. चार दिवसांनी आग विझली. बघा, मेलेला मुसलमान नव्हता. भांडणाऱ्या दोन्ही बाजू मुसलमान नव्हत्या. तरी हा माणूस रस्त्यावर होता, कारण तो मुसलमानांचा राष्ट्राध्यक्ष नव्हता, मॉरिशसचा होता.

कोठडीतला मृत्यू म्हणजे काय हे सांगलीकरांना समजावून सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एक तरुण मेला, आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघडकीला आलं. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. तोही मुसलमान नव्हता. तेव्हा आपल्या किती जमातींनी, किती ट्रस्टींनी त्याच्यासाठी साधं एक पत्रक काढलं? मी मिरजेतच होतो, माझ्या पाहण्यात एकही आलं नाही. 'आपला मामला नाही' हे वाक्य मात्र मी स्वतः ऐकलं, आणि मान हलवली.

आता मूळ गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे पडले. २८ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३७३ केला, की सगळ्या देशांनी दहशतवादाविरुद्ध कायदे करावेत. मॉरिशस तेव्हा या परिषदेचा अस्थायी सदस्य होता. पंतप्रधान होते अनिरुद्ध जगन्नाथ, उपपंतप्रधान पॉल बेरांजे, म्हणजे उतीम यांच्याच जुन्या पक्षाचे सर्वोच्च नेते. त्यांच्या सरकारने दहशतवाद प्रतिबंधक विधेयक आणलं. त्यातली एक तरतूद अशी की दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला ३६ तास वकिलाशी बोलू न देता कोठडीत ठेवता येईल.

छत्तीस तास. ऐकायला फार वाटत नाही, दीड दिवस. पण पोलिसांनी पकडलेल्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य याच दीड दिवसात लिहिलं जातं. म्हणून तर आपल्या घटनेने कलम २२ मध्ये २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायची आणि पसंतीचा वकील मिळण्याची हमी दिली आहे. ती हमी जिथे सैल होते तिथे काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जातो. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८९ माणसं मेली आणि खटला अशाच कबुलीजबाबांवर उभा राहिला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. ते कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं न्यायालयाने मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. १९ वर्षं. आणि बारांपैकी एक जण तुरुंगातच वारला होता. स्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांनाही या १९ वर्षांत काय मिळालं, हा प्रश्न उरतोच. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर असतो, एवढं तरी डीबगिंग केलेल्या कुणालाही कळावं.

उतीम यांनी सही करायला नकार दिला. घटनेप्रमाणे सही टाळून पदावर राहता येत नव्हतं. १५ फेब्रुवारी २००२ ला त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. मुदत संपायला काहीच महिने उरले होते. गुपचूप सही करून, निवृत्त होऊन, आठवणींच्या पुस्तकात 'मला ते विधेयक पटलं नव्हतं' असं लिहायची सोय होती. जगातली बहुतेक मोठी माणसं हेच करतात.

यापुढचा भाग आपल्या यादीवाल्यांनी खास वाचावा. उतीम गेल्यावर घटनेप्रमाणे उपराष्ट्राध्यक्ष अंगिडी चेट्टियार हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. तमिळ हिंदू माणूस. विधेयक त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनीही सही केली नाही, आणि तीनच दिवसांनी तेही पद सोडून गेले. शेवटी सरन्यायाधीशांना हंगामी राष्ट्राध्यक्ष करून १९ फेब्रुवारीला सही घेतली गेली. २५ फेब्रुवारीला संसदेने कार्ल ऑफमन यांना नवे राष्ट्राध्यक्ष निवडलं.

चेट्टियार यांचं नाव कुठल्याच 'हमारी शान'मध्ये नाही. कसं असेल? ते 'हमारे' नाहीत. पण मला विचाराल तर उतीम यांच्या राजीनाम्याला अर्थ चेट्टियार यांच्या राजीनाम्यानेच आला. ते नसते तर लोक म्हणाले असते, मुसलमान होता म्हणून मुसलमानांना वाचवायला गेला. आपल्यातलेही काही हेच म्हणाले असते, फक्त अभिमानाने. दोघांचं एकच म्हणणं आहे हे दिसल्यावर ते म्हणणं धर्माचं उरत नाही. ते ३६ तासांचं, कोठडीचं, वकिलाचं होतं. ज्या कोठडीत काया मेला त्याच देशात पोलिसांच्या हातात आणखी दीड दिवस विनासाक्षीदार द्यायचे का, एवढाच तो प्रश्न होता.

मॉरिशसला दहशतीची भीतीच नव्हती, असंही नाही. कायाच्या दंगलीनंतर तीनच महिन्यांनी एका फुटबॉल सामन्यानंतर जमावाने पोर्ट लुईमधलं एक जुगारघर पेटवलं आणि सात जण जळून मेले. ज्यांना कडक कायदा हवा होता ते सगळे मूर्ख किंवा मुस्लिमद्वेष्टे नव्हते. भीती खरी होती. भीती खरी असतानाच तर अशा सह्या घेतल्या जातात.

आता आपल्या यादीतल्या वरच्या नावांकडे येऊ. इथे माझ्यावर ग्रुपमधून जास्त दगड येणार आहेत, हे धरूनच लिहितो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही कुणाची झाली? राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं गेलं, राष्ट्रपतींनी रात्रीच सही केली होती. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच अध्यादेशावर सही करून देतायत असं अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र त्याच वर्षी छापून आलं, ते देशाच्या आठवणीत आहे. त्या एका सहीने हजारो माणसं मिसाखाली विनाचौकशी तुरुंगात गेली. संघावर बंदी आली तशी जमाअत-ए-इस्लामीवरही आली. यादीतला 'आपला' माणूस, आणि त्याच्या सहीने आत गेलेलेही आपलेच. ही कसली शान?

कलामसाहेबांबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना 'अग्निपंख' माझ्या उशाशी असायचं. हॉस्टेलवर माझ्या रूमच्या दारावर त्यांचा फोटो होता. आज मला वाटतं त्यातला निम्मा फोटो मी स्वतःसाठी लावला होता आणि निम्मा दारावरून जाणाऱ्यांसाठी, की बघा, मी या प्रकारचा मुसलमान आहे. असो. मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत होते. मध्यरात्री बिहार विधानसभा बरखास्त करायचा कागद फॅक्सने आला आणि त्यांनी सही केली. सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर आपण राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं आणि पंतप्रधानांच्या आग्रहामुळे ते दिलं नाही, हे कलाम यांनी स्वतःच पुढे पुस्तकात सांगितलंय. हे सांगितलं हा त्यांचा प्रामाणिकपणा. लाभाच्या पदाचं विधेयक त्यांनी २००६ मध्ये एकदा परत पाठवलं होतं, तेही नोंदवायला हवं. पण पत्र लिहिणं आणि पत्र देणं यांत जे अंतर आहे, ते मॉरिशसच्या त्या माणसाने आणि त्याच्या उपराष्ट्राध्यक्षाने चार दिवसांच्या आत दोनदा पार करून दाखवलं.

आणि यादीतल्या अमीना गुरीब-फकीम? औषधी वनस्पतींवर नावाजलेलं संशोधन, जून २०१५ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या पहिल्या महिला. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांचा फोटो असायचा, मीही एका स्लाइडमध्ये वापरलाय. मार्च २०१८ मध्ये त्यांनी पद सोडलं. एका संस्थेने दिलेल्या क्रेडिट कार्डावर वैयक्तिक खरेदी केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राने छापलं. त्या संस्थेमागे अंगोलाचा एक धनाढ्य उद्योगपती होता. आपण काही चुकीचं केलं नाही, पैसे परत केले, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीला त्या हटायलाही तयार नव्हत्या. एकाच देशाचे दोन मुसलमान राष्ट्राध्यक्ष, दोघेही मुदतीआधी गेले. एक सही न केल्यामुळे, एक कार्ड वापरल्यामुळे. आपल्या यादीत दोघांना सारखीच सोनेरी अक्षरं. डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या नोंदी एकच समजून ठेवल्या तर आम्ही त्याला बग म्हणतो.

हे सगळं मी ग्रुपवर एवढ्या लांबीचं लिहिलं नव्हतं, थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर कऱ्हाडच्या मामूंनी जे विचारलं तो खरा प्रश्न आहे. "राजीनामा देके क्या मिल्या उसकू? कानून तो बन्याच ना!"

बरोबर आहे, कायदा झालाच. चार दिवस उशीर झाला, एवढंच. मामू पूर्वी एका सहकारी संस्थेत कारकून होते, त्यांना राजीनाम्याची किंमत बरोबर कळते: पगार बंद. पण 'काय मिळालं' हा प्रश्न आपण फक्त न केलेल्या सहीला विचारतो. केलेल्या सहीला कधी विचारत नाही. फखरुद्दीन यांच्या सहीने मुसलमानांना काय मिळालं? तुर्कमान गेट आणि नसबंदी. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या, महापालिकेतल्या आपल्या माणसांनी इतकी वर्षं ज्या ठरावांवर मुकाट हात वर केले, त्याने काय मिळालं? एक कब्रस्तानाची भिंत, एक शादीखान्याचं अर्धवट बांधकाम आणि अल्पसंख्याक सेलचं अध्यक्षपद. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदानाची गंमत अशी की कोण काय बोललं याची नोंद राहत नाही. आपण ज्यांना 'आपला आमदार' म्हणून खांद्यावर घेऊन नाचतो, त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही फोन करून विचारलंत, की साहेब, तुम्ही त्या दिवशी सभागृहात होतात का, आणि तोंड उघडलंत का? मी विचारलं नाही.

हो, मी विचारलं नाही. हा लेख लिहायला बसलो तेव्हा हे टाळायचं ठरवलं होतं, पण टाळलं तर सगळाच लेख बोगस होईल.

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टचं निमित्त करून जमाव मशिदीत घुसला. ३१ वर्षांचा, इंजिनिअरिंग शिकलेला एक तरुण तिथे मारला गेला. बरेच जण जखमी झाले. जिल्ह्याचं इंटरनेट बंद. अम्मी रात्रभर कऱ्हाडला मामूंना फोन लावत होती. मी लॅपटॉपवर कंपनीच्या एका रिलीजवर काम करत होतो आणि मधूनमधून बातम्या बघत होतो. वयाने तो माझ्याच जवळपासचा, पदवी तीच. २००९ मध्ये मिरजेत गणपतीच्या कमानीवरून दंगल झाली तेव्हा मी कॉलेजात होतो, तेव्हापासून मनात कुठेतरी धरून चाललो होतो की पदवी म्हणजे चिलखत. पुसेसावळीने ते चिलखत कागदाचं निघालं.

दोन-तीन दिवसांनी पुण्यातल्या काही मित्रांनी एक निवेदन तयार केलं. निष्पक्ष तपास व्हावा, जमावाला चिथावणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत, आणि मूळ आक्षेपार्ह पोस्ट कुणी टाकली त्याचाही तांत्रिक तपास व्हावा. भाषा सौम्य, मागण्या कायद्यातल्या. खाली व्यावसायिकांच्या सह्या हव्या होत्या, हिंदू-मुसलमान दोन्ही. माझ्याकडे तो कागद आला. मी तीनदा वाचला. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे एका सहकाऱ्याला फेसबुकवरच्या पोस्टवरून एचआरने बोलावून घेतलं होतं, ते डोक्यात होतं. घराचा हप्ता होता. मुलीची ॲडमिशन होती. मी मित्राला लिहिलं, 'नेटवर्क नाही, नंतर बघतो.' मिरजेत नेटवर्क उत्तम होतं.

माझ्या जागी सही केली ती माझ्या जुन्या टीममधल्या एका सातारकर मराठा मुलीने. तिचाही हप्ता होता. तिलाही एचआर होतं. तिचं गाव तर तिथून वीस किलोमीटरवर, तिला घरी जाऊन चुलत्यांना तोंड द्यायचं होतं. तिच्या रूपाने चेट्टियार माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. उतीमच तेवढे नव्हते.

त्यानंतर केव्हातरी मी उतीम यांच्याबद्दल नीट वाचलं. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ते आफ्रिकेतल्या देशांत निवडणूक निरीक्षक म्हणून जात राहिले, अतिगरिबांबरोबर काम करणाऱ्या एटीडी फोर्थ वर्ल्ड या आंतरराष्ट्रीय चळवळीचे अध्यक्ष झाले. कुणी उपाशी मारलं नाही त्यांना. ही माहिती मी मुद्दाम शोधली होती, कारण मला बघायचं होतं की सही न करणाऱ्याचं पुढे होतं तरी काय. चेट्टियार तर २००७ मध्ये पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष झाले.

दोस्तहो, आपल्यापैकी कुणी राष्ट्राध्यक्ष होणार नाही. पण सह्या आपल्यापुढेही येतात. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. चहा-बिस्किटं होतात, नेहमीचे पाच-सहा 'समाजाचे प्रमुख' येतात, भाषणं होतात. मग एक प्रोसिडिंग बुक फिरतं आणि सगळे न वाचता सही करतात. मामू वर्षानुवर्षं करत आलेत. यंदा त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांनी आपल्या जागी त्याच यादीवाल्या मावसभावाला पाठवलं. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठलं ठाणं ते लिहीत नाही.

त्याने वही हातात आल्यावर वाचली. त्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं की मोहल्ल्यातल्या तरुणांकडून सोशल मीडियावर काही आक्षेपार्ह आढळल्यास त्याची जबाबदारी उपस्थित प्रतिनिधींची राहील. त्याने विचारलं, "साहेब, हे फक्त आमच्या मोहल्ल्याचंच का लिहिलंय? आणि दुसऱ्याच्या पोस्टची जबाबदारी मी कशी घेऊ?" खोली गप्प झाली. शेजारच्या हाजीसाहेबांनी त्याच्या मांडीवर हात दाबला. ठाणे अंमलदार म्हणाले, दरवर्षी असंच असतं. हा म्हणाला, मग ती ओळ बदला, मी सही करतो. साहेब म्हणाले, उद्या येऊन बघ.

रात्री त्याने मला फोन केला. घाबरला होता. हाजीसाहेबांनी घरी येऊन मावशीला सांगितलं होतं की पोरगा हाताबाहेर चाललाय. मला म्हणाला, "भाईजान, कल जाऊँ क्या?"

सकाळी माझी साडेनऊची मीटिंग होती. ती मी रद्द केली, आणि आम्ही दोघं गेलो. ओळ अजून तशीच होती.